वीतभर पुढे सरकलेली डोलकाठी

एकदा एका व्यापाऱ्याने पन्नाशी उलटल्यावर शिडाची होडी चालवायला शिकायचे ठरवले, आणि साऱ्या पेठेला हसायला विषय मिळाला. हसणे अर्थात पाठीमागे. तोंडावर जो तो म्हणाला, "उत्तम विचार आहे, शेठ." गेली सात वर्षे त्याच्या तोंडावर सगळे हेच म्हणत आले होते.

पेठ एका रुंद खाडीच्या काठावर वसलेली होती. व्यापाऱ्याचा नारळ, सुपारी आणि काथ्याचा मोठा उद्योग होता. माणूस कष्टाळू, व्यवहाराला चोख, गोरगरिबाला रिकाम्या हाताने न पाठवणारा. त्याच्यात एकच उणे होते. आपल्या बोलण्याला कोणी आडवे गेले की त्याचा तोल सुटे. 'नाही' हा शब्द ऐकला की कपाळावरची शीर ताठ होई आणि समोरचा माणूस मनातल्या मनात आपला शब्द गिळून टाकी.

न गिळणारी एकच व्यक्ती त्या घरात होती, ती म्हणजे त्याची थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणत. ती त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा अक्कानेच त्याला न्हाऊमाखू घातले, मांडीवर निजवले. पुढे लग्न होऊन ती गेली आणि चारच वर्षांत वैधव्य घेऊन परत आली. तेव्हापासून घर तिच्या हाती होते. भाऊ चुकतो आहे असे वाटले की ती बोले, आणि चारचौघांत बोले. ती नेहमी बरोबर असे, असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा तीही चुके. पण बोलायची मात्र राहत नसे.

सात वर्षांपूर्वी व्यापाऱ्याने नवे गोदाम बांधायचे ठरवले. परगावचे पाहुणे ओटीवर बसले होते, आणि तो त्यांना हाताने जागा दाखवत होता. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "तिथं नको बांधूस. श्रावणातल्या उधाणाचं पाणी तिथपर्यंत येतं." पाहुणे गालात हसले. व्यापाऱ्याच्या अंगाची लाही झाली. तो सर्वांसमक्ष म्हणाला, "या घरात माझ्या शब्दावर शब्द चालणार नाही. ज्याला जमत नसेल त्याने वेगळं राहावं."

अक्काने पाहुण्यांचे जेवण उरकले, भांडी पालथी घातली, आणि खाडी ओलांडणाऱ्या दुपारच्या नावेत, तरीत, एक गाठोडे घेऊन बसली. पलीकडच्या तीरावर त्यांची वडिलांच्या वेळची माडांची वाडी होती, वाडीत एक खोपी होती. ती तिथे राहू लागली.

गोदाम ठरल्या जागी उभे राहिले. दुसऱ्याच श्रावणात उधाणाचे पाणी आत शिरले आणि वर्षभराचे खोबरे भिजून नासले. त्यानंतर व्यापाऱ्याला कळले की पाणी तिथवर येते हे गवंड्याला ठाऊक होते, हमालांना ठाऊक होते, शेजाऱ्यांना तर होतेच. त्याने विचारले, मग बोलला का नाहीत? सगळ्यांनी एकच सांगितले, आम्हाला वाटले, शेठनी विचार केलाच असेल. त्या दिवशी तरी तो पलीकडे जाता तर बरे झाले असते. पण आता गेलो तर हरलो, असे त्याच्या मनाने घेतले. तो दर महिन्याला तरीतून तांदूळ आणि गूळ पाठवत राहिला. स्वतः गेला नाही.

सातव्या वर्षी माघ महिन्यात तरीवाल्याने निरोप आणला. निरोप अक्काचा नव्हता, त्याचा स्वतःचाच होता. अक्काची दृष्टी जवळजवळ गेली आहे. उठताना भिंत धरावी लागते. एक वेळ जेवते. तरीवाला खाली मान घालून म्हणाला, "म्हातारी पुढचा पावसाळा काढील असं दिसत नाही." मृग लागला की खाडी खवळते, तरीची ये-जा बंद होते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत या तीराची त्या तीराला भेट होत नाही. म्हणजे व्यापाऱ्याच्या हातात जेमतेम चार महिने होते.

तरीतून गेला असता तर अर्ध्या घटकेचे काम. पण तरीत एका वेळी बारा माणसे बसत, सगळी पेठेतली. शेठ बहिणीची मनधरणी करायला निघाले, ही बातमी तो पलीकडे पोहोचण्याआधी गावभर झाली असती. तो विचारही त्याला सोसवला नाही. म्हणून त्याने ठरवले की आपली होडी घ्यायची, आपण चालवायला शिकायचे, आणि कोणाला न सांगता एकट्याने जायचे. अभिमान माणसाला केवढा वळसा घालायला लावतो पाहा.

खाडीच्या मुखाशी एक वृद्ध तांडेल राहत होता. ऐंशीच्या घरातला. आयुष्यभर गलबते हाकून आता जाळी दुरुस्त करत बसलेला. शिमगा आटोपल्यावर व्यापारी त्याच्याकडे गेला आणि मला शिकवा म्हणाला. तांडेलाने एवढेच विचारले की कुठे जायचे आहे. व्यापाऱ्याने पलीकडच्या तीराकडे बोट दाखवले. तांडेलाने क्षणभर त्या बोटाकडे आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि उद्या सकाळी या म्हणून सांगितले.

मोठ्या वयात शिकणे ही एक शिक्षाच असते, कारण हातापायांना ऐकायची सवय नसते आणि मनाला चुकायची. सुकाणूची दांडी डावीकडे ढकलली की होडी उजवीकडे वळते, हे साधे गणित व्यापाऱ्याच्या हाताला आठ दिवस उमगेना. तो दांडी जिकडे जायचे तिकडे लोटी आणि होडी नेमकी उलट जाई. शिडाची आडवी काठी दोनदा कपाळावर बसली. तांडेल रागावत नसे, हसतही नसे. चूक झाली की, "पुन्हा," एवढेच म्हणे.

नवव्या दिवशी होडी भर खाडीत चांगली वेगात असताना तांडेल म्हणाला, "शेठ, दांडी सोडा. दोर खुंटीला आहे तसा असू दे. नुसता हात काढा."

व्यापाऱ्याने भीतभीत हात काढला. होडीने हलकेच मान वळवली, वाऱ्याकडे तोंड केले आणि ती उभी राहिली. शीड रिकामे फडफडू लागले. खाडीच्या मधोमध ते दोघे शांत डुलत राहिले.

"बघितलंत?" तांडेलाने विचारले. व्यापारी हो म्हणाला. तांडेलाने पुढे काही समजावले नाही.

पण दोघांनी पाहिले ते वेगवेगळे होते. व्यापाऱ्याने पाहिली एक हट्टी होडी. त्याच्या ध्यानात आले की वारा वाढला की हीच खोड हाताला जाणवते. दांडी सारखी ओढ घेते, होडीला वाऱ्याकडे वळायचे असते, आणि सरळ जायचे तर तासन्‌तास तिच्याशी झुंजावे लागते. त्याच्या तळहाताला फोड आले. मी मालक, मी सांगतो तिकडे जायचे सोडून ही मला का ओढते, असे त्याच्या मनात दिवसभर घोळू लागले.

त्याने होडी बांधणाऱ्या सुताराला बोलावले. सुतार म्हणाला की शिडाचा जोर मागच्या अंगाला पडतो म्हणून ती अशी वळते. डोलकाठी पुढे घेतली तर ओढणार नाही. बोलता बोलता तो थांबला, त्याला आणखी काही सांगायचे होते हे दिसत होते. व्यापाऱ्याची शीर ताठ झाली. सुताराने नजर खाली वळवली आणि म्हणाला, "शेठ म्हणतील तसं." दुसऱ्या दिवशी डोलकाठीची खाच वीतभर पुढे कोरली गेली.

होडी गरीब गाईसारखी झाली. दांडीला नुसते बोट लावावे आणि तिने ऐकावे. व्यापारी विलक्षण खूश झाला. शिडाचा दोर खुंटीला आवळून तो ऐटीत बसू लागला. तांडेल सकाळी आला तेव्हा व्यापाऱ्याने त्याला सांगितले की आता ही शहाणी झाली आहे. तांडेलाने वाकून नव्या खाचेवरून हात फिरवला, लाकडाचा ताजा भुसा बोटांवरून झटकला आणि काही न बोलता आपल्या जागी बसला.

ओहोटी लागलेली होती. पश्चिमेचा वारा भरात होता. होडी निम्मी खाडी ओलांडून गेली तेव्हा तांडेलाने डोक्यावरचे मुंडासे काढले, नीट घडी करून फळीवर ठेवले, आणि ओटीवरून अंगणात उतरावे तसा तो होडीच्या कडेवरून पाण्यात उतरला.

व्यापाऱ्याला काय झाले ते कळेपर्यंत म्हातारा डोक्यापर्यंत पाण्याखाली गेला होता. व्यापारी किंचाळला. दांडी सोडून तो कडेकडे झेपावला, ओणवा झाला, दोन्ही हात पाण्याकडे लांब केले. पण हातांखाली तांडेल नव्हताच. हात सुटताक्षणी होडीने वाऱ्याला पाठ दिली होती आणि ती खाडीच्या आतल्या बाजूला धावत सुटली होती. मागे पाण्यावर एक पांढरे डोके वर आले आणि बघता बघता लहान होत गेले.

व्यापारी परत दांडीकडे धावला. त्याने होडी वळवायचा प्रयत्न केला. ती अर्धी वळे आणि पुन्हा पाठ फिरवून पळू लागे. त्याने दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला. तोवर समोर तिवरांची झाडे आली आणि होडी चिखलात घुसून रुतली. तो तिथेच मटकन खाली बसला. एका वृद्ध माणसाला मी भर पाण्यात टाकून आलो, माझ्या हातून माणूस गेला, एवढाच विचार त्याच्या डोक्यात घुमत होता. हुंदका आवरेना म्हणून त्याने फळीवरचे मुंडासे तोंडाशी धरले.

बऱ्याच वेळाने पाण्याचा सपसप आवाज आला. तांडेल कमरेएवढ्या पाण्यातून शांतपणे चालत येत होता. त्या जागी वाळूचा उंचवटा आहे आणि ओहोटीला तिथे गळ्याएवढेच पाणी उरते, हे त्याला साठ वर्षे ठाऊक होते. त्याने होडीची कड धरली, धोतराचा सोगा पिळला आणि आपले मुंडासे मागून घेतले.

व्यापारी म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला तिथंच टाकून आलो."

"तुम्ही नाही टाकलंत, शेठ. तुम्ही तर हात पुढं केलात," तांडेल म्हणाला. "होडी थांबली नाही."

मग तो होडीच्या कडेला टेकला आणि सावकाश बोलू लागला. "ती दांडी तुमचा हात ओढायची ना, तेव्हा ती तुमच्याशी बोलत होती. वारा वाढला की सांगायची, आता पुरे, जरा दोर सैल सोडा. आम्ही दर्यावर जातो तेव्हा हाताला ओढणारी होडीच निवडून घेतो. कारण माणूस आहे, केव्हा तरी त्याचा हात सुटतो. झोप लागते, भोवळ येते, पाय घसरून पडतो. तेव्हा ओढणारी होडी आपणहून वाऱ्याकडे वळते आणि उभी राहते. पडलेला माणूस पोहत येईपर्यंत त्याची वाट बघते. तुम्हाला तिचं ओढणं नको झालं. तेवढं काढून टाकलंत, तर तिचं थांबणंही त्याच्याबरोबर गेलं. दोन्ही एकाच खाचेत बसलेलं असतं, शेठ."

व्यापाऱ्याने विचारले, "सकाळी खाच बघितलीत, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

व्यापाऱ्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि नकारार्थी मान हलवली.

"तरी सांगायला हवं होतं," तांडेल म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला. "सुतार खाच कोरायच्या आधी माझ्याकडे आला होता. म्हणाला, शेठना सांगू का, यात धोका आहे. मी म्हटलं, जाऊ दे, ते म्हणतात तसं कर. सगळी पेठ तुमच्यापुढं जे करते तेच मीही केलं. ऐंशी वर्षं दर्या बघितलेल्या माणसानं असं करू नये. म्हणून आज पाण्यात मी उतरलो, तुम्हाला नाही ढकललं."

हे ऐकून व्यापाऱ्याला स्वतःची फार शरम वाटली. एवढ्या जाणत्या माणसालाही आपल्यापुढे खरे बोलवले नाही, तर आपण घरात आणि पेठेत माणसांचे काय करून ठेवले आहे, हे त्याला प्रथमच स्पष्ट दिसले. सून, मुलगा, नोकर, सगळे बोट लावताच वळतात. आणि आपला पाय घसरला तर त्यांतला एकही थांबणार नाही, कारण थांबण्याची सवय आपणच त्यांच्यातून काढून टाकली आहे. एक होती ती खाडीपलीकडे आहे, आणि आता तिला दिसत नाही.

दोघांनी मिळून होडी चिखलातून ढकलून काढली. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने सुताराला बोलावले, डोलकाठी जुन्या जागी बसवायला सांगितली, आणि त्या दिवशी काय सांगणार होतास ते आता सांग म्हणाला. सुतार बिचारा इतका गोंधळला की त्याला धड सांगताही येईना. व्यापारी त्याच्यासमोर बसून राहिला, तो बोलेपर्यंत.

त्यानंतर महिनाभर व्यापारी पुन्हा शिकला. हाताला ओढ बसली की तो दोर थोडा सैल सोडी, ओढ कमी झाली की आवळी. तांडेल आता दिवसेंदिवस काहीच बोलेनासा झाला. वैशाख सरायला चार दिवस उरले तेव्हा तो किनाऱ्यावरच थांबला आणि म्हणाला की आज मी येत नाही.

व्यापारी भर सकाळी निघाला. वाटेत समोरून तरीची नाव येत होती. बारा माणसे त्याच्याकडे वळून पाहत होती. त्यांतल्या एकाने विचारले, शेठ, कुठे? त्याने सांगितले, "अक्काकडे." स्वतःच्या तोंडून ते नाव तो सात वर्षांनी ऐकत होता.

अक्का खोपीच्या ओटीवर बसून सुपारी सोलत होती. डोळ्यांनी दिसत नव्हते, बोटे चाचपत होती. ती फार लहान झालेली त्याला वाटली. तो जवळ येताच तिने मान वर केली आणि पावलांवरूनच ओळखून म्हणाली, "आलास? बस."

त्याने येताना सगळे ठरवून ठेवले होते. घरी मागच्या दाराची खोली झाडून घेतली होती, वैद्यांना सांगून ठेवले होते, डोली उचलायला माणसेही ठरवली होती. ते त्याने तिला एका दमात सांगितले आणि शेवटी म्हणाला, "आवर. मृगाच्या आत तुला घरी नेतो."

"मी येणार नाही," अक्का म्हणाली.

जुना राग पायापासून चढत आला. कपाळाची शीर त्याला स्वतःलाच जाणवली. तिच्या हिताचे बोलतो आहे, इथे एकटी मरेल, हिला कळत कसे नाही, अशी वाक्ये ओठांवर येऊन उभी राहिली. त्यांतले एकही खोटे नव्हते. पण ती त्याने गिळून टाकली. मग त्याने पन्नास वर्षांत घरातल्या कोणालाही न विचारलेली गोष्ट विचारली.

"मग मी काय करू, अक्का?"

तिचे हात थांबले. असे काही आपल्याला विचारले जाईल याची तिने कधी अपेक्षाच केली नव्हती. माडांच्या झावळ्या वर सळसळत होत्या. मग ती म्हणाली, "तूच राहा इथं. पौर्णिमेला खाडी उघडेपर्यंत. तुझ्यावाचून पेठ काही अडत नाही."

पेठ किती अडते हे त्याला नेमके माहीत होते. कामांची यादी डोळ्यांपुढून सरकली. त्याने ती सरकू दिली.

"राहतो," तो म्हणाला.

अक्काचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. तिने पदराने डोळे पुसले आणि आधी हातपाय धू, मग आत ये, असे त्याला दरडावले.

त्या संध्याकाळी भावाने होडी माडाखाली ओढून पालथी घातली. पावसाळाभर तो खोपीत राहिला. तिला हात धरून अंगणात नेई, भात उकडी, आणि तिने पाणी जास्त झाले म्हटले की दुसऱ्या दिवशी कमी घाली. दोघांची भांडणेही झाली; एकदा तो दिवसभर बोलला नाही, एकदा ती जेवली नाही. नारळी पौर्णिमेच्या आदल्या पहाटे अक्का गेली. तिचे डोके त्याच्या मांडीवर होते.

खाडी उघडल्यावर तो घरी परतला. तेराव्याचे सगळे उरकले तेव्हा मुलगा, सून आणि जुने नोकर त्याच्याभोवती जमले, पुढची कामे विचारायला. त्याने एक बेत सांगितला. सगळ्यांनी सवयीने माना डोलावल्या. तो तसाच त्यांच्याकडे पाहत बसला. त्याने पुन्हा काही सांगितले नाही, कोणाला जाऊही दिले नाही. फार वेळ गेला. शेवटी सून पदर सावरून, जमिनीकडे पाहत, अगदी हळू म्हणाली, "मामंजी, मला यात एक अडचण दिसते."

व्यापाऱ्याने डोळे मिटले. मग तो म्हणाला, "सांग, बाई. सावकाश सांग."

आपल्या घरात शेवटचे 'नाही' आपल्याला कोणी आणि केव्हा म्हटले होते, एवढे आज ज्याचे त्याने आठवून पाहावे.